तिथे म्हणे कुणीच राहत नाही

मी एक रील टाकलं होतं. एकतीस सेकंदांचं. गंजलेला लोखंडी मनोरा, त्याच्यामागे राखाडी मातीचे उघडेबोडके डोंगर, दार नसलेली एक खोली, मग ड्रोनने वर वर जाणारा शॉट. पार्श्वसंगीत कुठलं होतं ते तुम्हाला सांगायलाच नको. वर अक्षरं टाकली होती: ‘भारतातलं भुताचं शहर. इथे आता कुणीच राहत नाही.’ माझ्या बाकीच्या रील्सना शंभर-दोनशे लोक बघतात. हे हजारोंनी बघितलं. दोन दिवस मी हवेत होतो.

हा लेख त्या रीलविरुद्ध आहे. म्हणजे आधी माझ्याविरुद्ध, आणि मग तशी रील्स करणाऱ्या, बघणाऱ्या, ‘ब्रो लोकेशन टाक’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांविरुद्ध.

तेव्हा मी बंगळुरूला नोकरीला होतो. मूळचा पनवेल तालुक्यातला, ओव्याचा. इंजिनियरिंग झाल्यावर जसे सगळे जातात तसा व्हाइटफील्डला गेलो. एका शनिवारी ऑफिसातले आम्ही पाच जण गाडी काढून कोलार गोल्ड फील्ड्सला गेलो. बंगळुरूहून शंभरेक किलोमीटर. कारण अर्थातच सिनेमा. २०१८ साली पहिला भाग आला, २०२२ साली दुसरा. त्या दोन सिनेमांमुळे ‘केजीएफ’ ही तीन अक्षरं गल्लीतल्या पोरालाही ठाऊक झाली. खरं केजीएफ मात्र आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

वाळवंट बघायला राजस्थानला जायची गरज नाही, असं तिथे गेल्यावर वाटतं. राखाडी-पांढुरक्या मातीचे प्रचंड ढिगारे, पावसाने त्यांना पडलेल्या घळी, वारा सुटला की उडणारी धूळ. ते डोंगर नव्हेत. खाणीतून काढलेला दगड दळून, सायनाइडच्या पाण्यात धुऊन, सोनं काढून घेतल्यावर उरलेला तो चोथा आहे. शंभराहून अधिक वर्षांचा. गावातले लोक त्याला सरळ ‘सायनाइड डोंगर’ म्हणतात. आम्ही त्याच्यावर चढलो आणि फोटो काढले. सिनेमातही हेच डोंगर आहेत.

सोमवारी ऑफिसला आलो. आमच्या इमारतीच्या गेटवर दिवसपाळीला एक सिक्युरिटी काका असायचे. पन्नाशीचे, तमिळ बोलणारे, हिंदी मोडकंतोडकं. मी त्यांना कौतुकाने रील दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. दार नसलेल्या खोलीपाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘सर, हिच्या मागची लाइन आमची. मी तिथेच राहतो.’’

मी म्हटलं, पण तिथे तर कुणीच नव्हतं.

ते म्हणाले, ‘‘दिवसा कसं असणार? दिवसा आम्ही सगळे इथे असतो.’’

मारिकुप्पमहून पहाटे गाडी सुटते. ती बंगारपेटवरून बंगळुरूला येते. खाण बंद झाल्यापासून हजारो माणसं रोज त्या मार्गाने ये-जा करतात. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. कुणी गेटवर उभं राहतं, कुणी कपड्यांच्या कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी आमच्यासारख्यांच्या ऑफिसात फरशी पुसायला, आणि शिकलेली पोरं आमच्यासारखीच लॅपटॉपसमोर. ज्या शहराला मी रिकामं म्हणालो होतो, ते रोज सकाळी माझ्यासाठी गेट उघडत होतं आणि मी त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होतो.

इथे थांबून थोडी माहिती घेऊ. कारण रीलमध्ये ती नव्हती.

कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने चालवल्या. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् इथून या खाणींसाठी वीज आणली गेली. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती त्यानंतर, १९०५ साली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहूनही खोल गेली. इतक्या खोलवर दगडच तापलेला असतो, आणि दाबाने तो कधी फुटेल याचा नेम नसतो. अशा ‘रॉक बर्स्ट’मध्ये माणसं गाडली गेली. जी वाचली त्यांच्यातल्या कित्येकांच्या फुप्फुसात दगडाची धूळ साचून सिलिकोसिस झाला. खाली उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ मुलखातून आलेले दलित होते. वर क्लब होता, बंगले होते, गोल्फचं मैदान होतं. साहेब लोक त्याला ‘लिटल इंग्लंड’ म्हणत.

याच खाणीत १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगात पहिल्यांदा ज्या प्रयोगांत ती झाली, त्यांतला हा एक. इतकी खोल जागा दुसरीकडे सहज मिळणारी नव्हती. ती खोली खणली होती मजुरांनी.

आणि हे मजूर सिनेमातल्यासारखे तोंड मिटून मार खाणारे नव्हते. १९३० साली त्यांच्यावर अंगठ्याच्या ठशांची सक्ती आणली गेली, तेव्हा त्यांनी मोठा संप केला. ज्या काळात आपण बायोमेट्रिकवर बोट न ठेवता ऑफिसात शिरू शकत नाही, त्या काळातल्या माणसांना हे वाचून धक्का बसावा. १९४६च्या संपात गोळीबार झाला, कामगार मेले. यांच्या सुटकेसाठी बाहेरून कुणी हिरो हातोडा घेऊन यावा लागला नव्हता. त्यांची युनियन होती, सभा होत्या, पुढारी होते. सिनेमाला हे चाललं नसतं, कारण मग हिरोला काम उरलं नसतं. सिनेमा तर काल्पनिकच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण सिनेमातलं खोटं गाव बघून खऱ्या गावात गेलो आणि तिथेही खोटंच शोधत राहिलो.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी सरकारी मालकीच्या भारत गोल्ड माइन्स लिमिटेडच्या खाणी बंद झाल्या. आता मुद्द्याचं वाक्य: त्या ‘मेल्या’ नाहीत, त्या ‘बंद केल्या’. तारीख आहे, म्हणजे फाइल आहे. फाइल आहे, म्हणजे सही आहे. सोनं काढायचा खर्च सोन्याच्या भावापेक्षा वर गेला होता हे खरं. त्या निर्णयाला आर्थिक कारण होतं हेही मान्य. पण निर्णयाला निर्णय म्हणा. पूर आला, भूकंप झाला, नदी आटली, तसं ‘शहर मेलं’ म्हटलं की कुणालाच काही विचारायला नको. भुताला देणी नसतात. भुताला नळ लागत नाही, दवाखाना लागत नाही. भुताच्या घराशेजारचा सायनाइडचा ढिगारा उचला असं कुणी म्हणत नाही, कारण धूळ भुताच्या नाकात जात नाही.

‘घोस्ट टाऊन’ या शब्दाचं खरं काम हे आहे. तो शब्द वर्णन करत नाही, तो हिशेब मिटवतो.

आणि बघा, ज्यांना हिशेब करायचा असतो त्यांच्या लेखी ते गाव अजिबात मेलेलं नसतं. २०२४ साली कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने त्या तेरा ढिगाऱ्यांतून पुन्हा सोनं काढण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. सोन्याचा भाव चढला, तंत्र सुधारलं, चोथ्यातही आता नफा आहे. म्हणजे मातीचं पुनरुज्जीवन होऊ शकतं. शेजारच्या लाइनीत राहणारा दीड खोलीतला माणूस मात्र ‘भूत’. २०११च्या जनगणनेत या शहरात दीड लाखाहून जास्त लोक होते. दीड लाख! महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांना त्याचा हेवा वाटेल.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी नोकरीला नवा असताना एका जुन्या सिस्टीममधला एक भाग ‘डेड कोड’ म्हणून काढून टाकला होता. कुणी वापरत नाही, कुणाला माहीत नाही, दस्तऐवज नाही. मला साफसफाई केल्याचा आनंद झाला. महिनाअखेरीला पगाराचा हिशेब अडकला. तो भाग महिन्यातून एकदाच चालायचा. माझ्या सीनियरने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, ‘‘काढायच्या आधी लॉग बघितला होतास का?’’ नव्हता बघितला. शनिवारी दुपारी बारा वाजता ड्रोन उडवून ‘इथे कुणीच राहत नाही’ म्हणणं हे तेच आहे. तू लॉग बघितला नाहीस. पहाटेची गाडी बघितली नाहीस.

आता कुणी म्हणेल, खरीखुरी ओसाड गावं जगात आहेतच की. आहेत. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बोडी नावाचं गाव आहे. सोनं संपलं, माणसं हळूहळू निघून गेली, १९६२ सालापासून ते राज्य सरकारचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे खरंच कुणी राहत नाही. नामिबियाच्या वाळवंटात कोलमन्सकोप आहे. निळ्या भिंतींच्या खोलीत गुडघाभर वाळू शिरलेली, तो फोटो तुम्ही शंभरदा बघितला असेल, कुणाच्या तरी फोनचा वॉलपेपरही असेल. तेही १९५६पर्यंत रिकामं झालं.

पण त्या फोटोतली खोली कुणाची आहे? साहेबांची. कागद लावलेल्या भिंती, मोठ्या खिडक्या, नक्षीची दारं. हिरे वेचायला उत्तरेकडून करारावर आणलेल्या ओवांबो मजुरांच्या बराकींचा फोटो कुणाच्या वॉलपेपरवर मी बघितलेला नाही. तिथला पहिला हिरा १९०८ साली रेल्वेच्या रुळावरची वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला नावाच्या मजुराला सापडला. त्याने तो आपल्या साहेबाला दाखवला. साहेब श्रीमंत झाला, लेवालाला त्यातलं काही मिळालं नाही. म्हणजे गाव खरोखरच रिकामं असलं, तरी आपण तिथे जाऊन कुणाची आठवण काढतो हा प्रश्न उरतोच. पडका बंगला दिसला की आपण ‘काय वैभव असेल’ म्हणतो. पडकी चाळ दिसली की ‘हॉरर’ म्हणतो. केजीएफमध्ये मीही तेच केलं. बंगल्याच्या व्हरांड्यावर हळुवार संगीत लावलं, मजुरांच्या लाइनीवर किंचाळी.

दुसरा आक्षेप: अशा रील्समुळे पर्यटन वाढतं, चार पैसे तर मिळतात. मीही स्वतःला हेच सांगितलं. मग त्या दिवसाचा खर्च आठवला. पेट्रोल बंगळुरूत भरलं, नाश्ता हायवेवर केला, जेवण परतीच्या वाटेवर. केजीएफमध्ये पाच जणांनी मिळून पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. जिथे ‘कुणीच राहत नाही’ अशी आपली समजूत असते, तिथे आपण हॉटेल शोधतच नाही. बाजाराची पेठ, रॉबर्टसनपेट, अगदी जवळ होती. आम्ही तिकडे वळलोसुद्धा नाही, कारण गर्दीचा बाजार आमच्या रीलमध्ये बसत नव्हता.

गोव्याशी तुलना करून बघा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि डिचोली, कुडचडे भागातले ट्रक दारात उभे राहिले. तिथल्या ट्रकमालकांच्या कर्जाची चर्चा झाली, मोर्चे निघाले, बातम्या आल्या. ते योग्यच झालं. पण त्या गावांना कुणी ‘भुताची’ म्हणालं नाही, कारण तिथली माणसं बोलताना दिसत होती. कोणतं गाव संकटात आहे आणि कोणतं गाव भुताचं आहे, हे खाणीवर ठरत नाही. कॅमेऱ्यासमोर कोण बोलतंय यावर ठरतं.

आता घराकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मी ओव्याला परत आलो. खारघरचे सेक्टर आमच्या गावठाणाला आता सगळीकडून टेकले आहेत. मेट्रो धावते, पेठपाड्याला उतरलं की आमच्या घराकडे जाता येतं. एकदा नव्या फ्लॅटची जाहिरात करणाऱ्या मुलाने मला तोंडपाठ केलेलं वाक्य ऐकवलं: ‘‘सर, दहा-पंधरा वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं.’’

मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती भात निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘काय नव्हता? आमी नव्हतो?’’

तिच्या डोक्यात सबंध गावाचा नकाशा आहे. कुठल्या शेताला काय नाव, कुठे बांध, कुठल्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही आटत नव्हतं. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. १९८४च्या जानेवारीत योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जासई-नवघरच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळते ती त्या लढ्यामुळे. आमच्या भागात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. शेजारच्या टॉवरमधल्या माझ्या वयाच्या मित्रांना माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना घर विकताना सांगितलं गेलं होतं, काहीच नव्हतं.

‘इथे आधी काहीच नव्हतं’ आणि ‘तिथे आता कुणीच नाही’ ही दोन वाक्यं एकाच आईची लेकरं आहेत. एक शहर उभं राहताना म्हणतात, दुसरं खाण बंद करताना. दोन्हींतून माणूस वजा होतो. पहिल्या वाक्याने जमीन मोकळी होते, दुसऱ्याने जबाबदारी.

आणि आपल्यालाही खाण नाही असं समजू नका. तुम्ही ज्या इमारतीत बसून हे वाचताय ती खडी, ती कच कुठून आली? तुर्भ्यापासून पनवेल-उरणपर्यंतच्या डोंगरांच्या खदानींतून. दगड फोडणारी वडार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच कामात. तीच धूळ, तोच खोकला. फक्त इथे सोन्याऐवजी खडी निघाली, म्हणून सिनेमा निघाला नाही. नव्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून उतरवला, दहा गावं उठली. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. मी विमानतळाच्या विरोधात नाही, मलाही विमानाने जायचंय. एवढंच म्हणतो, की धावपट्टीवर टेकताना खिडकीतून खाली बघून ‘इथे पूर्वी काही नव्हतं’ असं पोराला सांगू नका.

गेल्या पावसाळ्यात गावठाणात एक मुलगा ड्रोन घेऊन आला होता. कौलं उतरलेलं, एक भिंत कललेली घर तो शूट करत होता. मला म्हणाला, ‘‘ब्रो, हे अबॅन्डन्ड आहे ना?’’ मी म्हटलं, नाही, माझ्या चुलत्यांचं आहे. पुढची बाजू पाडून बांधायचीय, परवानगीचं अडलंय. मागच्या दोन खोल्यांत राहतात. आत्ता कामाला गेलेत. तो ‘ओह, सॉरी’ म्हणाला आणि खरंच ओशाळला. चांगला मुलगा होता. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्यासारखाच होतो, फरक इतकाच की मला तिथे अडवणारं कुणी भेटलं नव्हतं.

तर जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. केजीएफला जरूर जा. पण शक्य असेल तर गाडीने नको, आगगाडीने जा. संध्याकाळची मारिकुप्पमची गाडी पकडा आणि बंगळुरूहून घरी परतणाऱ्या गर्दीत उभं राहून दोन तास प्रवास करा. त्या गर्दीत तुमच्याच ऑफिसातला कुणी भेटला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. रॉबर्टसनपेटच्या बाजारात जेवा. कुणाच्या दाराचा फोटो काढायच्या आधी ते दार वाजवा. खाण किती खोल होती हे सांगताना ती कुणी बंद केली आणि कधी, तेही सांगा. आणि ‘घोस्ट टाऊन’ हा शब्द कॅप्शनमध्ये टाकायचा मोह झाला, तर आधी स्वतःला विचारा: मी दिवसा किती वाजता आलो होतो?

ते रील मी काढून टाकलं नाही. काढलं असतं तर मी तसं केलंच नव्हतं असं झालं असतं. फक्त वरचं वाक्य खोडून दुसरं लिहिलं: ‘कोलार गोल्ड फील्ड्स. खाण २००१ साली बंद केली गेली. लोक राहतात. दिवसा कामाला गेलेले असतात.’ त्यानंतर त्याला फारसं कुणी लाईक केलं नाही. काकांना मात्र पाठवलं होतं. त्यांनी तमिळमध्ये काहीतरी लिहिलं आणि सोबत एक फोटो पाठवला. रात्रीची वेळ, लाइनीतल्या ओळीने सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले.